चढावरचा आरसा

आमची मोटरसायकल जुन्या घाटणीची, गोल दिव्याची आणि बेताच्या ताकदीची आहे. सपाटीवर ती दोघांना घेऊन खुशाल फटफटत जाते, पण खिंडीचा चढ लागला की धापा टाकते. मग बायको न सांगता उतरते आणि चालू लागते. मी एकटा वर पोचतो, इंजिन बंद करतो आणि आरशात बघत थांबतो.

आरशात आधी नुसता रस्ता असतो. मग वळणावर हिरवा ठिपका उगवतो, ठिपक्याची साडी होते आणि साडीची हळूहळू बायको होते. दर खेपेला ती काहीतरी घेऊन येते. कधी मूठभर करवंदं, कधी एखाद्या गुराख्याच्या घरची खबर. रस्ता तर एकच, मग मला यातलं काहीच कसं भेटत नाही? जास्त ताकदीची गाडी असती, तर हा प्रश्नही पडला नसता.

आज ती स्वतःशीच हसत वर आली. न राहवून मी विचारलं, "खाली असतं तरी काय गं एवढं?"

तिनं माझ्या तळहातावर दोन करवंदं ठेवली.

"सांगून कळायचं नाही. उद्या तुम्ही उतरा, गाडी मी नेते."