मामांची खूण

दोन पात्यांचा पोलादी नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा आणि कानाशी न नेता त्याचा दांडा थेट दातांत धरायचा, ही मामांची सवय. डोळे मिटून तसेच उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "बोलतोय अजून."

तुळिंजला आमच्या ज्युनियर कॉलेजात मामा प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवायला नवा लागलो होतो. असा एखादा मामा तुम्हीही पाहिला असेल. खडू आम्ही झिजवतो आणि पोरांच्या डोक्यात प्रकाश पाडतो तो.

तरंगाची व्याख्या सांगून मी दमलो होतो, तेव्हा मामांनी परातीत पाणी घेतलं, वर भाताचं तूस पसरलं आणि कडेला बोट बुडवलं. लाट पुढे गेली. तूस मात्र जागच्या जागी वरखाली झालं.

"पानी कुठं जात नाय," मामा म्हणाले. "फक्त निरोप जातो."

मामा खाडीकाठच्या शेतकरी घरातले. उजेडाचा आणि आवाजाचा वेगही त्यांनी तिथूनच आणला होता. "पल्याडच्या बांधावर कोन मेढ ठोकत असला ना, तर घाव आधी दिसतो. आवाज मागनं येतो रमतगमत." माझ्या चार तासांचं काम दोन वाक्यांत उरकायचं. मला हेवा वाटायचा आणि अभिमानही.

आवाजाचा वेग मोजायचा एक प्रयोग असतो. काचेच्या उभ्या नळीत पाणी भरायचं, तोंडाशी वाजता नादकाटा धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका जागी नळी एकदम घुमू लागते. नळीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतची उंची मोजली की वेगाचं गणित सुटतं. आमच्या पोरांची ही उंची दरवर्षी सोळा सेंटिमीटर यायची आणि वेग पुस्तकाला धरून. स्टाफरूममध्ये मी कॉलर ताठ करून सांगायचो, आमच्या पोरांचे कान तयार आहेत.

एका वर्षी आचोळ्याहून येणाऱ्या एका मुलीच्या नळीतली उंची सतराच्या वर गेली. वेग आला सेकंदाला तीनशे सत्तर मीटर, पुस्तकापेक्षा बराच जास्त. मी तिला पुन्हा करायला लावलं. तीनदा केलं, तीनदा सतराच.

"सर, मला इथंच ऐकू येतंय."

"सगळ्यांना सोळाला येतं, तुलाच बरं वेगळं! आवाजाचा वेग काय तुझ्या घरचा आहे?"

वर्ग खिदळला. मी मामांना हाक मारली. ते बेसिनपाशी काचसामान धूत होते. दुसऱ्या हाकेला वळले. मी तिचं जर्नल त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "सांगा हिला." मामांनी तो आकडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा नळ सोडला.

जर्नलवर मास्तरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मी सही अडवून धरली. शेवटच्या दिवशी तिनं जर्नल आणलं, सतरा खोडून सोळा केलेलं. मी लाल शाईनं सही केली. बारावीनंतर तिनं सायन्स सोडलं, असं कानावर आलं.

पुढच्या वर्षी नवे नादकाटे आले. जुन्यावर होता तोच कंपनांचा आकडा कोरलेला नवा काटा मी सहज जुन्यासोबत वाजवला, तर दोघांचे सूर वेगळे. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पोलाद टिकत नाही. मामा दर दिवाळीनंतर काट्याच्या बेचक्यातला गंज कानशीनं घासून काढायचे. घासून घासून त्याचा सूर उतरला होता, आणि सूर उतरला की नळी आणखी खाली गेल्यावर घुमते. मुलगी खरी होती.

मग बाकीच्यांचं सोळा कुठून येत होतं? मी नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सोळावर केसाएवढा ओरखडा होता. पोरं वर्षानुवर्षं त्या ओरखड्याशी पाणी आणून मोकळी होत होती. ऐकत कुणीच नव्हतं.

मी मामांना बोलावून विचारलं. ते नुसते माझ्या ओठांकडे बघत राहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मग मी ओरडून विचारलं.

"कान गेलेत सर. आठ वर्सं झाली. सांगितलं असतं तर इथं ठेवलं असतं कोनी? कान होते तवा खूण करून ठेवली. मांडनी करायला कायतरी पायजे ना."

"आणि त्या पोरीचं काय, मामा?"

"तिनं एकटीनंच ऐकलं होतं. मला कळलं होतं." मामांनी नळीवरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं. "पन तुमचे कान तर शाबूत होते. तुमी तरी एकदा वाकून ऐकाल, असं वाटलेलं."

मी संतापलो. ज्या माणसाला मी गुरू मानलं, त्यानं मला तोंडघशी पाडलं, एवढंच मला दिसत होतं. ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंही बोललो नाही. निरोप समारंभाच्या दिवशी रजा टाकली.

दीड वर्षानं मामा गेल्याचं कळलं. त्या रविवारी मी त्या मुलीचा पत्ता शोधत आचोळ्याला गेलो. दार तिनंच उघडलं.

"तुझं रीडिंग बरोबर होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे सर. मामा सांगून गेले. रिटायर झाले त्याच आठवड्यात आले होते."

"काय म्हणाले?"

"माफी मागत होते. मी म्हटलं, असू दे मामा, मी रागावले नाही. तीनदा म्हटलं. त्यांना ऐकूच जात नव्हतं. तसेच हात जोडून जिना उतरले."

मी उंबऱ्याबाहेर उभाच होतो. मला तिनं तसं काही म्हटलं नाही.