खोकल्याचं निमित्त

जे घ्यायचं असतं ते सोडून गिऱ्हाईक आधी दुसऱ्याच भांड्याचा भाव विचारतं. माझ्या दुकानासमोरच्या दवाखान्यातही तसंच चालतं. वस्तीतल्या बायका कॅन्सरच्या तपासणीला येतात, पण पोराचा खोकला पुढे करून, नाहीतर लोक त्यांना आजारी ठरवतात. डॉक्टरबाई ते ओळखतात, पोराला औषध देतात आणि मग आईला तपासतात. लोकांच्या याच बोलण्याला भिऊन माझी बहीण तपासणीला उशिरा गेली आणि वाचली नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही.

आज रांगेत माझी सून एकटीच उभी होती.

"पोर कुठाय गं?" शेजारीण हसली.

"घरी खेळतंय. मी माझ्याच तपासणीला आलेय."

मग शेजारणीने कडेवरचं पोर हळूच खाली ठेवलं.

इकडे दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करत होतं.

"थांबा जरा," मी म्हणालो, "ती माझी सून आहे."