वटारलेले डोळे

आदिलाबादच्या बसमध्ये शेजारची म्हातारी माझ्याकडे असे डोळे वटारून बघत होती, की मी पर्स छातीशी धरली. तिच्या मांडीवरच्या टोपलीत ऐनाच्या झाडावरचा रेशमाचा कोसा होता, अंड्याएवढा, टणक. घरी बघायला कोणी नाही म्हणून सोबत आणलेला. वाटेत तो एका टोकाला आतून ओला होऊन फुटला आणि एक पिवळं पाखरू बाहेर आलं. हळूहळू त्याने तळहाताएवढे पंख पसरले, तसे पंखांवरचे चार गोल डोळे माझ्यावर रोखले गेले. मी अंग चोरलं.

“तेच भेलं हाये, बाई,” म्हातारी म्हणाली. “त्याले खायाले तोंड बी नाई. अंडे घालते अन् मरून जाते. भेलं का डोळे दावते.”

बस मोठ्या दवाखान्यासमोर थांबली. म्हातारीचे डोळे तसेच वटारलेले होते. उठताना आधाराला तिने माझा हात धरला, तो उभी राहिल्यावरही सोडला नाही.