बिनखिडकीची भिंत

आमच्या गिरणीच्या मालकांचा बंगला आता लोकांना पाहायला खुला केलाय, म्हणून आईला घेऊन गेलो. समुद्राकडे खिडक्याच खिडक्या. गिरणीकडच्या भिंतीला एकही नाही.

"कापसाचे तंतू घरात येऊ नयेत म्हणून," गाईड कौतुकानं म्हणाला. "काय डोकं आहे!" कुणीतरी मान डोलावत म्हणालं.

त्याच भिंतीपलीकडे सूतखात्यात आईनं उभा जन्म काढला. वाऱ्यानं धागा तुटतो म्हणून तिथल्या खिडक्याही बंदच. मग ते तंतू जाणार कुठं? केसांतले ती रोज विंचरून काढायची. छातीतले राहिले.

भिंतीला हात टेकून, खोकला आवरत आई म्हणाली, "अरे, इथं माणसं राहायची होय? आम्ही तर गोदाम समजायचो."