जीन्सच्या पायातली हवा

शेजारच्या ओब्दुलियाने माझ्या जीन्सचा डावा पाय मांडीपासून कापला, झटकला आणि उजव्या पायाला कात्री लावली. मी दारात उभी राहून बघत होते. ती जीन्स जुनी झाली तरी आईने पाठवलेली, पाण्यापलीकडून, मायामीहून. आमच्या गल्लीत तसली दुसरी नव्हती.

"मावशी, निदान हाफपँट होईल एवढी तरी ठेव," मी म्हटलं.

"हाफपँटच होणार आहे. तू नुसती उभी राहू नकोस, तो पंप आण."

आमच्या गावात, गिबाऱ्यात, तिला कोणी ओब्दुलिया म्हणत नाही. अलांब्रे म्हणतात, म्हणजे तार. एक तर बाई तारेसारखीच वाळलेली, आणि दुसरं म्हणजे तिच्या खिशात कायम तारेचं भेंडोळं. पंखा बंद पडला, पातेल्याचा कान तुटला, चपलेचा अंगठा गेला की लोक तिच्याकडे जातात. मेलेल्या रशियन वॉशिंग मशीनची मोटर काढून तिने आम्हाला पंखा करून दिलाय. पाती पत्र्याच्या जुन्या पाटीची. आवाज इतका करतो की घरात भांडण झालं तर शेजाऱ्यांना कळत नाही. वीज गेली की लावायला जॅमच्या बाटलीची चिमणी, तीही तिचीच. पेस्टच्या रिकाम्या नळीतून वात वर काढलेली.

तिचा एकच नियम. नवीन वस्तू घेऊन गेलात तर ती हात लावत नाही. "घरात मेलेलं काय आहे ते आण," म्हणते. म्हणून आमच्याकडे कोणी काही टाकत नाही. प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी मेलेल्या वस्तूंचा ढीग असतो, अलांब्रेसाठी.

शाळा मी आजोबांसाठी सोडली असं लोक सांगतात. खोटं आहे. मला शाळेत बसवत नव्हतं म्हणून सोडली. आजोबा पडले ते नंतर.

माझे आजोबा, फ्लोरो, घोडागाडी हाकायचे. अख्ख्या गावाची ने-आण त्यांच्या गाडीतून व्हायची. एक दिवस गाडीवरून उतरताना पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या हृदयाला ऑपरेशन झेपायचं नाही. तेव्हापासून ते खाटेवर. घरात मी आणि ते, दोघंच. मी त्यांना कुशीवर वळवायचे, पुसायचे, भरवायचे. पण त्या गादीचा स्पंज माझ्या आईच्या लग्नातला, मधोमध खड्डा पडलेला. वळवलं की ते परत घरंगळून खड्ड्यात. माकडहाडावर आधी लाल डाग आला, मग कातडी गेली, मग कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढी जखम झाली.

आमच्या दवाखान्याची नर्स मिर्ता रोज पट्टी बदलायला यायची. चांगली बाई. कधी टाळाटाळ नाही केली. एके दिवशी पट्टी बांधून झाल्यावर तिने मला अंगणात नेलं.

"युस्लेनी, जखम खाली हाडाकडे चाललीये. अजून खोल गेली तर मला त्यांना ओल्गीनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल."

"मग काय करू सांग."

"पाठीवरचं वजन हललं पाहिजे. त्यासाठी हवेची गादी असते, मोटरवर चालते. माझ्याकडे नाही. असती तरी दिवसभर वीज कुठून आणणार?"

आजोबांना खिडकीतून सगळं ऐकू गेलं होतं. मी आत आले तर ते छताकडे बघत म्हणाले, "ओल्गीनला नेलंस तर मी पेटीतून परत येईन. इथून घोडे ऐकू येतात, पोरी. तिथे काय ऐकू?"

मी तशीच उठले आणि ओब्दुलियाकडे गेले. ती घेवडा निवडत बसली होती. मी जखमेचं सांगितलं, ओल्गीनचं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं, हिला हे जमणारं नाही.

मग म्हणाली, "माझ्या आईसाठी केली होती मी एक. सायकलच्या ट्यूबांची. कित्येक वर्षं झोपली त्यावर. पाठीवर डाग नाही."

"हवेची?"

"हवेचीच. आणि मोटर नको. मोटर तू." तिने सूप बाजूला सारलं. "तुझ्या अंगात एवढं वारं भरलंय, त्यातलं थोडं तिथे घाल. जा, ट्यूबा गोळा कर."

आमच्या गल्लीत साखर मागितली तर लोक दार लावून घेतात. पण ट्यूबा निघाल्या. पेट्रोल मिळेनासं झालं होतं त्या वाईट वर्षांत सगळ्यांना चिनी सायकली आल्या होत्या. सायकली कधीच गेल्या, ट्यूबा दारामागच्या खिळ्यांवर लटकत होत्या. 'फ्लोरोसाठी' म्हटलं की कोणी पुढचं विचारलं नाही. कोणाची बाळंतीण त्यांनी गाडीतून नेलेली, कोणाचं प्रेत. एका म्हातारीने तर देण्याआधी ट्यूबेचाच मुका घेतला. फक्त निवाल्दोने, कोपऱ्यावरच्या, भाषण दिलं.

"ही चांगली ट्यूब आहे, कळलं ना? एकच ठिगळ आहे. फ्लोरोचं झालं की परत पाहिजे."

"फ्लोरोचं झालं की म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बरा झाला की," तो म्हणाला आणि लगेच आत गेला.

तर ती अशी होते. ट्यूब गोल असते, ती दोन्ही बाजूंनी दाबून चपटी लांबट करायची. बरोबर खाटेच्या रुंदीएवढी भरते. पण नुसत्या ट्यूबेत हवा भरली तर ती जिथे कमकुवत तिथे फुगते, सापाने बेडूक गिळल्यासारखी. म्हणून तिला पिशवी हवी, न ताणणारी. तिथे माझी जीन्स आली, आणि ती पुरेना म्हणून गल्लीतल्यांच्या जुन्या पँटी. एका पायात एक ट्यूब. असे पाय खाटेवर आडवे, एकाला एक लावून, डोक्यापासून टाचेपर्यंत. ते सरकू नयेत म्हणून कडेने आजोबांच्या गाडीचे जुने लगाम. एकाआड एका ट्यूबेच्या व्हॉल्वला लाल नेलपॉलिश. सकाळी लाल भरायच्या, बिनरंगी सैल सोडायच्या. थोड्या वेळाने उलटं. म्हणजे पाठीची एकच जागा सारखी दाबली जात नाही.

हे आता मी एका दमात सांगते. तेव्हा तसं नव्हतं. ओब्दुलिया शिवायची आणि उसवायची. ट्यूब उभी लावून बघितली, मग आडवी. खाटेवर स्वतः झोपून बघितलं, मला झोपवलं, परत उठवलं. ठिगळं लावायला निखाऱ्यावर इस्त्री तापवून रबर दाबत होती, बोटं भाजून घेत होती. मला धीर निघेना.

"आईच्या वेळी पण असंच उसवत होतीस का?"

"आई बारीक होती," ती दातात दोरा धरून म्हणाली. "तुझा आजोबा बैल आहे."

"ऐकतोय मी," आजोबा आतून म्हणाले.

दोन शेजाऱ्यांनी आजोबांना उचललं, आम्ही खालून गादी सरकवली. त्यांनी दोन्ही हातांनी कडेचे लगाम चाचपले. मग म्हणाले, "गाडीत बसल्यासारखं वाटतंय. घोडा कुठाय?"

मी बिनरंगी ट्यूबांचे व्हॉल्व सोडले. खालून लांबलचक आवाज निघाला.

"मी नव्हे," आजोबा म्हणाले. "नर्सला सांगा, मी नव्हे."

ते पडल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं. त्या दिवशी हसलो.

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. मी सकाळी जोशात दणकून हवा भरली होती. आमचं छप्पर पत्र्याचं. ऊन चढलं तशी आतली हवा फुगली, आणि निवाल्दोच्या झिजलेल्या पँटचा पाय उसवून ट्यूब बाहेर आली. बंदूक उडावी तसा आवाज. ओब्दुलिया तिच्या घरातून चपला न घालता धावत आली. आजोबांना काही झालं नव्हतं, नुसती एक बाजू खाली गेली होती. ते शिव्या देत होते, म्हणजे बरे होते. पण ती भिंतीला टेकून खाली बसली. तारेचं भेंडोळं खिशातून पडलं तरी तिला कळलं नाही.

मी म्हटलं, "मावशी, एक ट्यूब तर फुटली. एवढं काय?"

ती उठली. जखम बघितली, मग एकेक ट्यूब अंगठ्याने दाबत गेली. "पिकलेल्या पेरूसारखी पाहिजे," म्हणाली. "अंगठा आत गेला पाहिजे. आजपासून दुपारी हवा कमी." तेव्हापासून ती रोज यायची. दिवसातून किती वेळा, मी मोजलं नाही. यायची, अंगठा दाबायची, जायची. कॉफी ठेवली तर उभ्यानेच प्यायची.

संध्याकाळी निवाल्दो आला. "माझीच फुटली ना? मला वाटलंच. ठिगळ लावून परत घाला. आणि नीट वापरा जरा."

मी पंप मारत राहिले. माझ्यासारखीला हेच काम बरं. बसून राहायला सांगितलं असतं तर मी पळून गेले असते. हात चालू असले की माझं डोकं शांत असतं, हे आजवर दोघांनाच कळलंय, आजोबांना आणि ओब्दुलियाला.

मिर्ता रोज पट्टी काढायची आणि नवी बांधायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे. एक दिवस तिने मला जवळ बोलावलं. "बघ." कडेने नवी कातडी आली होती, गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखी. मग ती कडेने आत येत गेली. एकदा मिर्ता आली, तिने पट्टी काढली आणि नवी लावलीच नाही. गादीखाली वाकून तिने सगळं बघितलं, नेलपॉलिशसुद्धा, आणि ओब्दुलियाला विचारलं, "हे मी दुसऱ्यांना सांगू का?" ओब्दुलिया म्हणाली, "ट्यूबा आणायला सांग. मेलेल्या."

आजोबा ओल्गीनला गेले नाहीत. पुढे दोन पावसाळे ते त्या गादीवर होते. खिडकीतून टापांच्या आवाजावरून घोडे ओळखायचे आणि गाडीवाल्यांना नाव घेऊन शिव्या द्यायचे. गेले ते हृदयाने, सकाळी, कॉफी पिऊन. त्यांना पुसून कपडे घालायला ओब्दुलियाच आली. कुशीवर वळवल्यावर तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, परत वरून खालपर्यंत. मी सदरा धरून उभी. मला वाटलं, आपलं काम तपासतेय.

गादी आमच्याकडे पडून राहणं शक्यच नव्हतं. निवाल्दोची सासू अंथरुणाला खिळली आणि तो हातगाडी घेऊन दारात हजर.

"शेवटी माझी ट्यूब माझ्या घरी," तो म्हणाला. मग टोपी काढून म्हणाला, "फ्लोरो असता तर गाडीतून पोचवली असती."

ओब्दुलियाने त्याला सगळं समजावलं. लाल कधी, बिनरंगी कधी, पेरू, दुपारची हवा. तो घाबरलेला दिसत होता. म्हणून शेवटी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी माझ्या आईसाठी केली होती. कित्येक वर्षं झोपली. पाठीवर डाग नाही." त्याचा चेहरा लगेच सैल झाला. माझाही असाच झाला असेल.

ओब्दुलियाची थोरली बहीण एनेईदा तेव्हा पुएर्तो पाद्रेहून आली होती. ती तिथेच कप घेऊन बसलेली. तिने ओब्दुलियाकडे एकदा बघितलं आणि कपात बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिची बॅग उचलून तिला माणसं नेणाऱ्या ट्रकच्या थांब्यावर सोडायला गेले. वाटेत म्हटलं, "तुमच्या आईचं नशीब चांगलं. अशी मुलगी मिळाली."

एनेईदा थांबली.

"आईखाली कसली गादी, पोरी? पोत्यात भरलेला केळीचा पाला होता. वाईट वर्षं ती. पाठ उघडी पडली तिची. ओल्गीनला नेलं, तिथेच गेली. ओब्दुलिया सायकलवर गेली होती बघायला, पोचली तेव्हा सगळं संपलेलं. परत येताना रस्त्यात तिची ट्यूब फुटली. मी मागून ट्रकने येत होते. बघते तर ही कडेला बसलेली, ट्यूब मांडीवर. दोन्ही हातांनी ती दाबून चपटी करत होती. मला म्हणाली, 'एनेईदा, ही आडवी घातली असती तर.'"