आटपमावशी आणि चपटा मॉनिटर

आटपमावशी खुर्चीवर अशा बसायच्या की बघणाऱ्याला वाटावं, या आता उठल्याच. खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकलेल्या, एक पाय दाराच्या दिशेने आणि एक बोट कायम कीबोर्डवर. तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्या लग्नपत्रिका कंपोज करायच्या आणि ओळ झाली रे झाली की सेव्ह करायच्या. गणपतीचं नाव टाकलं, सेव्ह. कुलदैवत टाकलं, सेव्ह. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. भारनियमनाचं वेळापत्रक होतं म्हणा, पण ते बनवणाऱ्यांनी स्वतः कधी वाचलं असेल असं वाटायचं नाही.

“आटपा, आटपा, लाइट जाईल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाला असो, पाहुणा असो, हळदीकुंकवाला आलेल्या बायका असोत, सगळ्यांना तेच. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला चक्क गुरुजींनाही म्हणाल्या आणि गुरुजींनी बिचाऱ्यांनी उरलेली कथा एका दमात संपवली. मग बिल्डिंगने त्यांचं नावच आटपमावशी ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, पण रागवायला सवड कुठे होती!

या घाईचं कारण त्यांच्या टेबलाशेजारच्या पलंगावर होतं. मावशींचे यजमान, नाना, अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेले. त्यांना उकाडा अजिबात सोसायचा नाही. पंखा बंद पडला की घामाने निथळायचे, जीव घाबराघुबरा व्हायचा. घरात यूपीएस होता, पण त्यावर एक तर कंप्युटर चालायचा नाहीतर नानांचा टेबलफॅन. दोन्ही लावले की यूपीएस किंचाळून बंद पडायचा. मग मावशी कंप्युटर बंद करून फॅन लावायच्या. बॅटरी संपली की फुकट गेलेल्या पत्रिकांचा गठ्ठा हातात घेऊन नानांना वारा घालत बसायच्या. इकडे पत्रिका तशीच अडकून राहायची. शेवटी स्टेशनजवळच्या प्रेसवाल्याने सांगून टाकलं, “मावशी, आता एक जरी पत्रिका उशिरा आली ना, तर मी काम दुसरीकडे देणार. लोकांची लग्नं लागून जातात हो!” आणि नाना पडल्यापासून त्यांचं घर त्याच कामावर चाललेलं.

आमच्या ऑफिसात तेव्हा जाडजूड मॉनिटर काढून चपटे आणले होते. ते लाइट कमी खातात, असं मी जिन्यात सहज बोलून गेले. झालं! रविवारी सकाळी मावशी दारात उभ्या. एका हातात पिशवी, पिशवीत यूपीएस. दुसऱ्या हातात टेबलफॅन, मानेला धरलेला.

“आटप गं. मॉनिटर बघायला जायचंय. नानांजवळ तुझी आई बसतेय, मी विचारलंय.”

“अहो पण फॅन कशाला?”

“मग कळणार कसं?”

लोक मॉनिटर घेताना चित्र बघतात. मावशींना फक्त एवढंच बघायचं होतं की त्यांच्या यूपीएसवर मॉनिटर, दुकानातलाच एखादा सीपीयू आणि नानांचा फॅन, तिघं एकत्र नांदतात की नाही. स्टेशनसमोरच्या पहिल्या दुकानात पोऱ्याने मोठ्या झोकात धबधब्याचं चित्र लावलं. “आंटी, कलर देखो!” मावशी म्हणाल्या, “कलर र्‍हाऊ दे. या यूपीएसला लाव, हा फॅनपण लाव आणि मेन बटन बंद कर.” त्याने फॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “आंटी, ये कंप्युटर का दुकान है, पंखे का नहीं.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मावशी मात्र फॅन उचलून पायऱ्या उतरल्यासुद्धा.

दुसऱ्या दुकानात वापरलेले मॉनिटर स्वस्तात मिळायचे. तिथला मालक बिचारा सरळ होता, त्याने सगळं जोडून दिलं. बटन बंद केलं मात्र, यूपीएसने अशी बोंब ठोकली की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. “नको हा,” मावशी म्हणाल्या आणि वायर गुंडाळायला लागल्या. उन्हाने माझं डोकं उठलं होतं. “मावशी, चहा तरी घेऊ,” म्हटलं, तर म्हणे, “चहा घरी पी. नाना एकटे आहेत.” नाना एकटे नव्हते, माझी आई होती. पण मावशींच्या हिशेबात त्या नसल्या की नाना एकटेच.

एव्हरशाईन सिटीतल्या एका लहानशा दुकानात आम्ही शेवटी पोचलो. तिथे कुठल्याशा न ऐकलेल्या कंपनीचा एक छोटा चपटा मॉनिटर कोपऱ्यात पडून होता. मान लटपटती, रंग पिवळट. त्याला कोणी गिऱ्हाईक मिळत नव्हतं म्हणून मालक तो जवळजवळ पडत्या भावात द्यायला तयार होता. सगळं जोडलं, बटन बंद केलं. फॅन गुरगुरला, जरा दबला आणि फिरत राहिला. यूपीएस बारीक आवाजात टिकटिक करत होता, पण किंचाळला नाही. दुकानातले सगळे श्वास रोखून उभे होते. मावशींनी मॉनिटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या फॅनसमोर वाकून चेहऱ्यावर वारा घेत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“मावशी, पिवळा दिसतो हो,” मी म्हटलं.

“दिसू दे. पत्रिकेला शेवटी हळदच लावतात ना?”

त्याच संध्याकाळी लाइट गेली. मी मुद्दाम बघायला वर गेले. अंधारात तो पिवळट पडदा उजळलेला, मावशींची बोटं भराभर चाललेली आणि नानांच्या कपाळावरचे केस वाऱ्याने हलताहेत. नाना जड जिभेने मला म्हणाले, “आज हिला... हात दोन्ही मिळाले.” मावशी मागे न बघता म्हणाल्या, “बोलू नका, पत्रिका संपू दे.” त्या उन्हाळ्यात त्यांची एकही पत्रिका उशिरा गेली नाही. प्रेसवाल्याने काम दुसरीकडे दिलं नाही, उलट वाढवलं.

पुढच्या उन्हाळ्याआधीच नाना गेले. तेराव्यानंतर मावशी पुन्हा कामाला लागल्या, तीच घाई, तसंच ओळीओळीला सेव्ह. मला त्यांचा थोडा रागच आला, खोटं कशाला सांगू. मग एका संध्याकाळी लाइट गेली आणि आम्ही सगळ्याजणी नेहमीप्रमाणे खाली कट्ट्यावर येऊन बसलो. इतक्या वर्षांत मावशी कधी खाली आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. बसल्या, उठल्या, पदर सारखा केला, पुन्हा बसल्या.

“बॅटरी संपली का, मावशी?” मी विचारलं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “आता संपतच नाही. एकट्या कंप्युटरला लागतं किती?”