झेंडूने गोठवलेलं पाणी

अपूर्वा जगदाळे शांत पोरगी नव्हतीच कधी. हडपसरच्या मंडईत आईच्या गाळ्यावर वाढलेली. कुणी मापात मारलं की भर गिऱ्हाइकांत बोलायची. पुढे संशोधनाला लागली, तरी जीभ तीच.

तिचं काम लोकांना पटकन कळायचं नाही. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. त्याला आधाराला एखादा कण लागतो, धुळीचा किंवा परागाचा. असे कण हवेत किती, हे अपूर्वा मोजायची. मांजरीजवळच्या कॉलेजच्या गच्चीवर पंप हवा ओढायचा आणि कण गाळणकागदावर बसायचे. मग तो कागद पाण्यात धुवायचा, थेंब गार पत्र्यावर ठेवायचे आणि कुठला थेंब किती थंडीला गोठतो ते बघायचं. तिला हवी होती पाऊस सरल्यावरच्या पहिल्या कोरड्या वाऱ्याची धूळ. तो वारा वर्षातून एकदाच येतो, आणि तिची शिष्यवृत्ती याच वर्षी संपत होती.

यंदा तो वारा नेमका सणाच्या सुटीत आला, म्हणून त्याचा कागद यंत्रं सांभाळणाऱ्या सर्जेरावांनीच काढून ठेवला होता. परत आल्यावर तिने थेंब ठेवले. ते इतक्या लवकर गोठले, की आनंदाआधी संशय आला. ती गच्चीवर गेली, तर पंपाच्या तोंडाला झेंडूची भरगच्च माळ!

"सर्जेराव!"

सर्जेराव धावत आले. "काय झालं ताई? खंडेनवमीला सगळ्या मशिनी पुजल्या. तुमची तर पहिली."

"फुलं वाहायला मशीनचं तोंडच सापडलं? मी हवा नाही मोजली, तुमचा झेंडू मोजला!"

सर्जेरावांचं तोंड उतरलं. "सुटीतबी ही एकटीच चालू हाय, म्हणून तर माळ मोठी घातली."

तिने माळ खसकन ओढली. पाकळ्या धुऊन त्या पाण्याचे थेंब ठेवले. तेही तसेच भराभर गोठले.

तिचे मार्गदर्शक सलिल सर आकडे बघून खूश. "झकास आलंय की! मातीची धूळ म्हणून टाक. झेंडू कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसला."

"वर्ष जाईल तुझं."

"सर, सर्जेरावांनी भक्तीने चूक केली, तर मी गच्ची डोक्यावर घेतली. तुम्ही कळून सवरून करा म्हणताय. तुमच्यावर किती ओरडू?"

तिने त्यांच्यादेखत ते आकडे खोडले.

घरी तिने रागारागातच देवापुढे दिवा लावला. देवाकडे काही मागितलं नाही. मागून काय, वारा निघून गेला होता.

सकाळी गाळ्यावर टेम्पो रिकामा करताना म्हणाली, "आई, माझं यंदा होत नाही. पुढच्या महिन्यापासून पैसेही बंद."

"कुणी केलं?"

"मीच नको म्हटलं."

"मग चिडतेस कुणावर?"

अपूर्वाने कोथिंबिरीच्या जुड्या धाडकन खाली टाकल्या.

"आपटू नकोस," आई म्हणाली, "विकायच्यात."